संशयास्पद टपाल व पार्सल : ओळख आणि दक्षता

टपालाने अथवा कुरियरने येणारी बहुतांश पत्रे आणि पार्सले निर्धोक असतात. तथापि, स्फोटके, विषारी भुकटी किंवा रोगजंतू पाठविण्यासाठी या सेवांचा गैरवापर झाल्याच्या घटना देशात आणि परदेशांत घडल्या आहेत. अशी वस्तू हाती आल्यास पहिल्या काही मिनिटांत काय करावे आणि काय टाळावे, याची माहिती प्रत्येक कुटुंबाला व कार्यालयाला असणे आवश्यक आहे.

पूर्वीच्या घटना

अमेरिकेत सप्टेंबर आणि ऑक्टोबर २००१ मध्ये अँथ्रॅक्सचे जिवाणू असलेली पत्रे वृत्तसंस्थांना व दोन सिनेट सदस्यांना पाठविण्यात आली. एकूण २२ जणांना लागण झाली आणि त्यांपैकी ५ जण मरण पावले. मृतांमध्ये वॉशिंग्टनच्या टपाल केंद्रातील दोन कर्मचारी होते. पत्रे बंद असतानाही वर्गीकरण यंत्रांच्या दाबामुळे सूक्ष्म बीजाणू लिफाफ्यातून बाहेर पडून हवेत पसरले होते. धोका केवळ पत्र उघडणाऱ्यालाच नसतो, तर ते हाताळणाऱ्या प्रत्येकाला असू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले.

ओडिशातील पाटणागढ येथे २३ फेब्रुवारी २०१८ रोजी एका नवविवाहित दांपत्याच्या घरी भेटवस्तू म्हणून आलेल्या पार्सलचा ते उघडताच स्फोट झाला. त्यात वर व त्याची एक वृद्ध नातेवाईक मृत्युमुखी पडले, तर वधू गंभीर जखमी झाली. छत्तीसगढमधील रायपूर येथून खोट्या नावाने हे पार्सल पाठविण्यात आले होते. वराच्या आईच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापकाला या गुन्ह्याबद्दल न्यायालयाने मे २०२५ मध्ये जन्मठेपेची शिक्षा सुनावली. लग्नघरी येणाऱ्या आहेराबद्दल सहसा कोणी शंका घेत नाही; नेमका त्याचाच लाभ येथे घेण्यात आला.

संशयाची लक्षणे

- पाठविणाऱ्याचे नाव-पत्ता नसणे, किंवा तो पत्ता आणि टपालाचा शिक्का यांत विसंगती असणे.
- आवश्यकतेपेक्षा बरीच अधिक तिकिटे किंवा चिकटपट्टी लावलेली असणे.
- नाव किंवा हुद्दा चुकीचा लिहिलेला असणे. ‘खाजगी’, ‘स्वतःच उघडावे’ अशा सूचना ठळकपणे असणे.
- तेलकट डाग, उग्र वास, बाहेर आलेली तार किंवा सांडणारी भुकटी दिसणे.
- आकाराच्या मानाने वजन जास्त असणे किंवा एकच बाजू जड असणे.
- कोणतीही अपेक्षा नसताना अनोळखी व्यक्तीकडून भेटवस्तू येणे.

यांपैकी एखादे लक्षण आढळले म्हणजे पार्सल घातकच आहे, असे नाही. मात्र ते उघडण्यापूर्वी पाठविणाऱ्याकडे चौकशी करावी. त्यासाठी पार्सलवर छापलेला नव्हे, तर आपल्याला आधीपासून माहीत असलेला दूरध्वनी क्रमांक वापरावा.

स्फोटकांचा संशय असल्यास

वस्तू हलवू, उघडू किंवा दाबू नये. ती पाण्यात टाकू नये, तसेच कपाटात ठेवू नये. हातात असल्यास जवळच्या स्थिर पृष्ठभागावर अलगद ठेवावी. सर्वांना खोलीबाहेर, शक्य तर इमारतीबाहेर न्यावे. वस्तूजवळ मोबाईल किंवा वायरलेस संच वापरू नये. सुरक्षित अंतरावर गेल्यावर ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. पुढील तपासणी बॉम्बशोधक व नाशक पथकाचे प्रशिक्षित कर्मचारीच करतात.

भुकटी आढळल्यास

येथे पहिले काम म्हणजे भुकटी हवेत पसरू न देणे. लिफाफा झटकू नये, त्याचा वास घेऊ नये. भुकटी झाडून किंवा पुसून काढू नये. लिफाफा आहे तेथेच ठेवून हाताशी असलेल्या कापडाने किंवा कागदाने झाकावा. पंखे व वातानुकूलन यंत्रणा बंद करावी, खोलीबाहेर पडून दार लावून घ्यावे आणि इतरांना आत जाऊ देऊ नये. चेहऱ्याला हात न लावता साबण व पाण्याने हात धुवावेत. भुकटी अंगावर सांडली असल्यास कपडे काढून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावेत आणि साबणाने स्नान करावे. लिफाफा कोणी कोणी हाताळला आणि खोलीत कोण होते, याची यादी करून ती पोलीस व आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी.

अँथ्रॅक्स हा मुख्यतः गुराढोरांचा रोग असून पशुपालकांना तो ‘फाशी’ किंवा ‘काळपुळी’ या नावांनी परिचित आहे. श्वासावाटे होणारा अँथ्रॅक्स एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. संपर्क आल्याचे लवकर कळल्यास प्रतिजैविके उपयोगी पडतात. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

कार्यालयांसाठी

आलेले टपाल एकाच ठिकाणी स्वीकारावे व उघडावे. ती जागा शक्यतो पंख्याच्या झोतापासून दूर असावी. टपाल हाताळणारे शिपाई, स्वागतकक्षातील कर्मचारी आणि सुरक्षारक्षक यांना वरील लक्षणांची माहिती द्यावी, कारण प्रत्येक पाकीट प्रथम त्यांच्याच हाती येते. संपर्काचे क्रमांक दर्शनी भागी लावावेत.

संशयास्पद पाकिटात अनेकदा पीठ किंवा टाल्कम भुकटीसारखा निरुपद्रवी पदार्थच निघतो. तरीही निनावी पत्राद्वारे धमकी देणे हा भारतीय न्याय संहितेनुसार दंडनीय गुन्हा आहे. त्यामुळे केवळ खोडसाळपणा समजून असे पाकीट फेकून देऊ नये. शंका आल्यास ते न उघडता पोलिसांना कळवावे. शंका निराधार ठरली तर वाया जातो तो थोडा वेळ. ती खरी ठरली तर अनेकांचे प्राण वाचू शकतात.