वसतिगृहाची चूल : विद्यार्थी-वसतिगृहांतील निवासी आचारी आणि पंक्तिव्यवहार

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात वसतिगृहांना मानाचे स्थान आहे. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हटले जाते आणि बहुजन समाजातील शिक्षणप्रसाराची चर्चा वसतिगृहांच्या उल्लेखावाचून पुरी होत नाही. संस्थापकांची चरित्रे, देणगीदारांच्या याद्या, अधीक्षकांच्या आठवणी आणि माजी विद्यार्थ्यांचे गौरवग्रंथ असे विपुल साहित्य या विषयावर उपलब्ध आहे. मात्र पहाटे सर्वांच्या आधी उठून चूल पेटविणारा, भटारखान्यालगतच्या खोलीत राहणारा आणि रात्री सर्वांच्या नंतर निजणारा जो माणूस, त्याला या साहित्यात जवळजवळ स्थान नाही. असलेच तर ते खर्चाच्या रकान्यात. प्रस्तुत निबंधात या आचाऱ्याचा विचार केला आहे. तो कोण होता, त्याची जात का महत्त्वाची ठरली आणि काही महत्त्वाच्या वसतिगृहांनी पगारी आचाऱ्याची जागा दुसऱ्या कोणत्या हातांनी भरून काढली, हे प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

वार, माधुकरी आणि क्लब

वसतिगृहापूर्वीचा गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सात वार, सात घरे आणि सात चुली. वाराचे घर मिळाले नाही तर माधुकरी. या व्यवस्थेत स्वयंपाक करणारी व्यक्ती म्हणजे यजमानाच्या घरची स्त्री, आणि जातीचा प्रश्न घर निवडतानाच निकालात निघालेला असे. वार लागणारा विद्यार्थी बहुतेक ब्राह्मणच असल्यामुळे इतर जातींच्या मुलांना ही सोय खुली नव्हती, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. शहरातील शाळेत नाव घालता येई, पण शहरात जेवायचे कोठे, या एका प्रश्नापाशी कित्येकांचे शिक्षण थांबत असे.

१८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले आणि पुण्यात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची गर्दी वाढू लागली. तेव्हा खाणावळ आणि 'क्लब' या दोन सोयी पुढे आल्या. क्लब या शब्दाचा तत्कालीन विद्यार्थिजीवनातील अर्थ आजच्या वाचकाला थोडा चकवणारा आहे. पाचदहा मुलांनी एकत्र येऊन एक आचारी ठेवायचा, शिधा आणायचा, महिन्याच्या शेवटी खर्च वाटून घ्यायचा, त्याला क्लब म्हणत. आचारी तेथेच जेवे आणि बहुधा तेथेच निजे. जेवण व राहणे हा त्याच्या मोबदल्याचाच भाग धरला जाई; त्यामुळे रोख पगार कमी आणि कामाचे तास मोजण्याची पद्धतच नाही. मालक म्हणावे तर सारे विशीच्या आतबाहेरचे विद्यार्थी, परीक्षा संपताच आपापल्या गावी जाणारे. सुट्टीत चूल बंद झाली की आचाऱ्याचा पगारही बंद.

'आचारी' या शब्दाकडेच थोडे पाहिले पाहिजे. मराठीत तो स्वयंपाक्याचा वाचक आहे आणि आचार पाळणाऱ्याचाही. हे दोन अर्थ एकाच शब्दात राहिले, यात त्या व्यवसायाचा बराचसा इतिहास सामावला आहे. ज्याच्या हातचे अन्न कोणालाही चालावे असा माणूस हवा, म्हणून ब्राह्मण आचारी ठेवला की बहुतेकांची सोय होई. आपल्यापेक्षा वरच्या जातीच्या हातचे खाण्याला हरकत नव्हती. हरकत खालच्या जातीच्या हातचे खाण्याला होती. मात्र एकदा सोवळे पाळणारा आचारी चुलीपाशी बसला की त्याच्यामागून सगळी उतरंड स्वयंपाकघरात येई. उंबऱ्याच्या आत कोणी यायचे, पाण्याच्या हंड्याला कोणी हात लावायचा, कोणी कोणत्या पंगतीला बसायचे आणि उष्टी कोणी काढायची, हे सारे त्याच्या उपस्थितीने ठरून जाई. स्वतः आचारी बहुधा दरिद्री असे. त्याला हाक 'महाराज' अशी मारली जाई आणि अधिकार मात्र चुलीपुरता. विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिलेल्या भीमाला निदान अज्ञातवासाची मुदत ठाऊक होती.

कोल्हापूर : जातवार वसतिगृहे आणि वेगळ्या चुली

१८९६ मध्ये कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयाला जोडून सर्व जातींसाठी वसतिगृह काढण्यात आले. प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच उरले. या अनुभवानंतर राजर्षी शाहू महाराजांनी वेगळा मार्ग धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, पुढे १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहांनी जातिभेद बळकट केला की शिक्षण पसरविले, या वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखकाला या व्यवस्थेची एक साधी बाजू दुर्लक्षित वाटते. अभ्यासाच्या खोल्या वेगळ्या करण्याची शैक्षणिक गरज कोणालाच नव्हती, कारण ही सर्व मुले एकाच शाळेत बसत होती. वेगळी करावी लागत होती ती चूल. जातवार बोर्डिंग हे मुळात स्वयंपाकघरांचे विभाजन होते. महाराजांनी सहभोजनाचा प्रश्न सुटेपर्यंत शिक्षण थांबवून ठेवले नाही, हे त्यांचे शहाणपण. पण प्रश्न त्यामुळे पुढे ढकलला गेला, हेही मान्य करावे लागते.

तो कसा उरला होता याचे उदाहरण त्याच गावात, त्याच वर्षी सापडते. दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहणारे भाऊराव पायगोंडा पाटील १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले. परतल्यावर स्नान केल्याखेरीज भोजनगृहात यायचे नाही, असा त्यांना हुकूम झाला. त्यांनी तो मानला नाही आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. वसतिगृहाच्या इतर कोणत्याही खोलीने त्यांना अडविले नव्हते. अडविले ते भोजनगृहाच्या दाराने.

सातारा : एकच चूल

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. या वसतिगृहाचे वर्णन करताना सर्व जातींची मुले एकत्र राहत, एवढ्यावर सहसा थांबले जाते. खरी घटना त्यापुढची आहे. ती मुले एकत्र स्वयंपाक करीत. दळण, पाणी, सरपण, भाकऱ्या, वाढणे, भांडी ही कामे पाळीपाळीने त्यांच्याकडे येत, आणि पाळी ठरविताना जात पाहिली जात नसे.

स्वावलंबनाचे हे तत्त्व काटकसरीतून आले, असे म्हणणे चुकीचे नाही. पगार वाचत होताच. पण पगारी आचारी ठेवला असता तर तो कोणत्या जातीचा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला असता. ब्राह्मण ठेवावा तर सोवळे-ओवळे आले. महार किंवा मांग ठेवावा तर खेड्यातून आलेल्या पालकांनी मुले परत नेली असती. चुलीपाशी कायमचा माणूसच नको, आज मराठ्याचा मुलगा भाकरी भाजेल आणि उद्या महाराचा, हे उत्तर त्या कोंडीतून निघाले असावे. हे प्रस्तुत लेखकाचे अनुमान आहे. तथापि १९०८ चा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवला तर ते ओढूनताणून केलेले वाटू नये.

हे काम किती होते याचा केवळ हिशेब मांडून पाहावा. पन्नास मुले धरली, दोन वेळचे जेवण धरले आणि दर मुलामागे दर वेळी दोन भाकऱ्या धरल्या, तर दिवसाला दोनशे भाकऱ्या होतात. वाढीच्या वयातील, शेतावर राबणारी मुले दोन भाकऱ्यांवर उठत नाहीत, हे वेगळेच. एका भाकरीला तव्यावर आणि निखाऱ्यावर मिळून अडीच मिनिटे लागली तरी एका तव्यावर आठ तासांहून अधिक वेळ जातो. त्याआधी वीस किलोच्या आसपास ज्वारी जात्यावर दळायची. तिच्याआधी ती निवडायची. त्याच्याही आधी ती मिळवायची. घरोघर मूठमूठ धान्य मागून जमविलेल्या मुष्टिफंडातून येणारे धान्य मिश्र असणार, खडे-मातीसह येणार, हे ज्याने कोठी सांभाळली आहे त्याला सांगायला नको. संस्थेच्या इतिहासात मुष्टिफंडाच्या संकलनाचे कौतुक आहे आणि ते रास्तही आहे. निवडण्या-दळण्याविषयी मात्र दोन ओळीही क्वचित सापडतात.

मुलांच्या पाळ्या असल्या तरी चुलीला कायमचे कोणी तरी लागतेच. आजारी मुलाची पेज, लहानग्यांचे जेवण, उद्याच्या शिध्याची काळजी या गोष्टी पाळीने होत नाहीत. साताऱ्यात हे काम भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी केले. जुन्या वळणाच्या जैन घरातल्या स्त्रीच्या दृष्टीने याचा अर्थ काय होता, हे सहज ध्यानात येत नाही. जैन स्वयंपाकघराला स्वतःची शिस्त असते. काय शिजवायचे, केव्हा जेवायचे, पाणी कसे गाळायचे यांचे नियम असतात आणि ते पाळण्याची जबाबदारी घरातील स्त्रीवर असते. सर्व जातींच्या मुलांना आपल्या चुलीपाशी घेताना भाऊरावांनी एक तत्त्व स्वीकारले. लक्ष्मीबाईंना रोजच्या जगण्याची सवयच बदलावी लागली. एकदा धान्य संपले असता त्यांनी मंगळसूत्रही विकावयास दिले, हा प्रसंग सर्व चरित्रांत आहे. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

असाच प्रसंग धारवाडच्या वसतिगृहाविषयी सांगितला जातो. तेथे मुक्कामास असलेल्या रमाबाई आंबेडकर यांनी मुले उपाशी आहेत असे कळताच आपल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. दोन्ही आठवणी त्यागाच्या म्हणून सांगितल्या जातात, आणि त्या त्यागाच्या आहेतच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या शेजारी ठेवून वाचल्या तर अर्थव्यवहाराचे एक सूत्र हाती लागते. अनुदान उशिरा येते, वर्गणी अनिश्चित असते, भूक मात्र दिवसातून दोनदा येते. या मधल्या काळाचे भांडवल स्त्रीच्या अंगावरील सोने पुरवीत होते. जमाखर्चात त्याला कोणते शीर्षक दिले गेले असेल? 'माउली' हे विशेषण दिले की वेतनाचा, तासांचा आणि परतफेडीचा प्रश्नच संपतो. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या कामात त्यांच्या भगिनी जनाबाई यांनी उचललेला भारही याच प्रकारचा होता. मिशनच्या इतिहासातील त्यांची जागा त्या भाराच्या मानाने लहान आहे.

स्त्रियांच्या वसतिगृहांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये काढलेल्या शारदा सदनात विधवांना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. हिंगण्याच्या आश्रमाच्या बाबतीत एवढेच नमूद करावे, की परक्या घरी स्वयंपाकीण होणे हाच ज्या काळी निराधार विधवेपुढील सरळ मार्ग होता, त्या काळी तिला शिक्षिका करण्याची ही खटपट होती. आश्रमाच्या कार्यकर्त्या पार्वतीबाई आठवले १९१८ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि तेथे त्यांनी परक्यांच्या घरी घरकाम करून दिवस काढले. 'माझी कहाणी' या त्यांच्या आत्मचरित्रामुळे दुसऱ्याच्या घरी राहून राबणाऱ्या मराठी स्त्रीचा अनुभव तिच्याच शब्दांत उपलब्ध झाला. आचाऱ्यांपैकी कोणी असे लिहिल्याचे प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

मानधनाचा काळ

१९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि 'कमवा व शिका' योजना महाविद्यालयीन पातळीवर आली. पुढे शासकीय व अनुदानित वसतिगृहांचा विस्तार झाला, तशी चूलही नियमांत आली. अनुदानित वसतिगृहांत अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस आणि चौकीदार ही पदे ठरली, पण त्यांच्यापुढे वेतनाऐवजी 'मानधन' हा शब्द आला. चोवीस तास आवारात राहणाऱ्या माणसाच्या मोबदल्याला मानधन म्हणणे ही भाषेची किमया आहे. लक्ष्मीबाईंना माउली म्हणण्याशी तिचे नाते जवळचे आहे. वेतनश्रेणीसाठी या कर्मचाऱ्यांना वारंवार आंदोलने करावी लागली.

२०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शासकीय वसतिगृहांतील खानावळीऐवजी भोजनाची रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात भरण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध जुलै २०१८ मध्ये विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. खात्यात पैसे आले तरी गावात परवडणारी खाणावळ नसते, रक्कम वेळेवर येत नाही, ही त्यांची तक्रार होती. वार लावणाऱ्या मुलाचा प्रश्न सव्वाशे वर्षांनी पुन्हा विचारला गेला: शहरात जेवायचे कोठे? चूल बंद झाली की तिच्यापाशी राहणाऱ्या माणसाचे काय होते, याची चर्चा त्या वेळीही फारशी झाली नाही.

या इतिहासाची साधने दुर्मिळ आहेत, पण ती अभिलेखागारात शोधण्यापेक्षा आपल्याच महाविद्यालयांच्या माळ्यावर शोधावी लागतील. कोठीवह्या, शिध्याच्या पावत्या, आचारी-पाणक्यांचे हजेरीपट आणि उचल दिल्याच्या नोंदी अनेक जुन्या वसतिगृहांच्या दप्तरात आजही असण्याचा संभव आहे. मूल्यांकनाच्या तयारीत कार्यालय साफ करताना रद्दीत सर्वांत आधी जातात त्या याच वह्या. प्रवेश-नोंदवही जपली जाते, कोठीवही जपली जात नाही. उचलीच्या नोंदीसमोर बहुधा आचाऱ्याचे पूर्ण नाव, गाव आणि सही किंवा अंगठा असतो. निवृत्त स्वयंपाकी व मदतनीस यांच्या मुलाखती घेण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे प्रकल्प म्हणून सोपविता येईल, आणि त्यांच्या वयाकडे पाहता ते चालू शैक्षणिक वर्षातच हाती घेणे बरे.