हीटर कधी लावलाच नाही, तरी तो लीक कसा होतो? डॅशबोर्ड खोलण्याआधी हे वाचा

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या 'एमएच-४२'वाल्यांना एसीचं बटण पाठ असतं, हीटरचं नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि थंडी जेमतेम दोन-तीन महिने. त्यामुळे गॅरेजवाला 'हीटर लीक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल' म्हणाला की पहिला प्रश्न हाच पडतो, जो हीटर वापरलाच नाही तो गेला कसा?

तर हीटर म्हणजे वेगळी शेगडी नसते. इंजिन थंड ठेवताना तापलेलं कूलंट दोन होजमधून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीत जातं. तिला हीटर कोअर म्हणतात. रेडिएटरचंच धाकटं भावंड, फक्त केबिनमध्ये बसवलेलं. बऱ्याच गाड्यांमध्ये नॉब थंडावर असला तरी कूलंट या जाळीतून फिरत राहतं, नॉबने फक्त हवेची वाट बदलते. म्हणजे हीटर बंद, पण जाळी रोज कामावर.

तिचं आयुष्य कमी करण्यात पाण्याचा हात मोठा. नीरा डाव्या कालव्याच्या या भागात अनेक ठिकाणी बोअरचं पाणी क्षाराचं आहे. हंड्यावर बसतो तोच पांढरा थर रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतल्यावर जाळीच्या बारीक नळ्यांतही बसतो आणि गंज लागतो. डिस्टिल्ड वॉटर आणि योग्य कूलंट यांचा खर्च यापुढे किरकोळ आहे.

पण पायाखालचं कार्पेट ओलं दिसलं म्हणजे हीटरच गेला, असं नाही. एसीचं पाणी बाहेर सोडणारा पाइप धूळ-पाल्याने तुंबला तरी ते आत येतं. एसी सतत चालणाऱ्या या भागात आधी संशय त्याच्यावरच घ्यावा. ओल्या जागी पांढरा टिश्यू दाबा. डाग बिनरंगी, बिनवासाचा असेल तर पाइप साफ केला की बहुतेकदा काम भागतं. हिरवा, गुलाबी किंवा निळा डाग, बोटांना बुळबुळीतपणा आणि गोडसर वास असेल तर ते कूलंट आहे. सोबत काचेवर आतून तेलकट धुकं येतं आणि टाकीतली लेव्हल घटत जाते. हे धुकं भिगवणला पहाटे फ्लेमिंगो बघायला निघालेल्यांनी हलक्यात घेऊ नये. गळीत हंगामात समोर बिनरिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली असू शकते.

खात्रीसाठी गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट मागा. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब देतात, काटा उतरला तर गळती आहे. ती नेमकी कुठे, हे दाखवायला सांगा. कधी फक्त होज किंवा क्लॅम्प गेलेला असतो.

जाळीच गेली असेल तर बिलात पार्टपेक्षा मजुरी जास्त निघू शकते, कारण अनेक गाड्यांचा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. समजा पार्ट २,००० आणि मजुरी ४,००० रुपये ठरली, तर १८ टक्के जीएसटीसह बिल ७,०८० होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरही १८ टक्केच कर आहे, पूर्वी अनेक भागांवर २८ होता. जीएसटी नोंदणी नसलेल्या गॅरेजला हा कर लावताच येत नाही. डॅशबोर्ड उतरलाच आहे तर हीटरचे होज आणि एसीची कूलिंग कॉइल तपासून घ्या, तीच मजुरी दुसऱ्यांदा नको. नेहमीच्या विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड बसत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर तिचे कागद मात्र बघा.

पैसे लगेच नसतील तर बायपास करता येतो. इंजिनकडून येणारे दोन्ही होज एकमेकांना जोडायचे, कूलंट केबिनकडे जाणं बंद. बारामतीत हीटरवाचून फारसं अडत नाही, काचेवरचं धुकंही एसीने जातं. त्यामुळे हा पर्याय कमीपणाचा नाही. फक्त त्या मॉडेलला चालतो का, हे मेकॅनिककडून आधी पक्कं करा. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुगाड मात्र नको. ती छिद्राबरोबर चांगल्या नळ्याही बुजवते.

आणि सोलापूर हायवेवर टेम्परेचरचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं. सांडलेलं कूलंटही पुसून घ्या. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं, आणि दारातलं कुत्रं ते चाटतं.