पद्मिनीचे जन्मसाल

आमचे केनवड 1964 साली वाशीम जिल्ह्यात होते, असे कोणी लिहिले, तर गावातला कोणीही जाणता म्हातारा त्याला थांबवील. तेव्हा आमचा जिल्हा अकोला. वाशीम जिल्हा 1905 पर्यंत होता आणि पुन्हा झाला तो 1998 साली. मधल्या काळात आमच्या वडीलधाऱ्यांनी अकोल्याच्या कचेरीला ज्या खेपा घातल्या, त्या अशा एका शब्दाने पुसल्या जातात.

जुन्या मोटारींविषयीच्या लिखाणात हाच घोटाळा मला वारंवार आढळतो. ‘प्रीमियर पद्मिनी, 1964’ असे बिनदिक्कत छापलेले असते. वस्तुस्थिती अशी : सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी स्थापन केली, कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट तयार होऊ लागली. 1964 साली आली ती ‘फियाट 1100 डिलाइट’. सत्तरीच्या आरंभी फियाटशी असलेला करार संपला, बिल्ला बदलला आणि गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली. ‘पद्मिनी’ हे चितोडच्या राणीचे नाव तिला मिळाले 1974 साली. दहा वर्षे आधीच पद्मिनी म्हटले, की परक्याचा बिल्ला उतरवून आपला लावण्याची सारी कथाच नाहीशी होते.

दुसरी चूक इंजिनाची. इटलीतल्या ‘1100 डी’चे इंजिन 1221 घनसेंटिमीटरचे होते, कुर्ल्याच्या गाडीत मात्र 1089 चेच राहिले. परदेशी पुस्तकातला आकडा उतरवून घेणाऱ्याला हे कसे कळावे?

हा रोग केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेत मध्यम बांध्याच्या गाडीत दांडगे इंजिन बसवीत. त्या ‘मसल कार’मध्ये पॉन्टिॲक जीटीओचा मान मोठा. परंतु 1964 साली ती स्वतंत्र मॉडेल नव्हतीच. टेम्पेस्ट ल मान्स गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचा तो एक संच होता. स्वतंत्र मॉडेल ती 1966 साली झाली. तिकडे अशा गाड्यांना भारी किंमत येते, म्हणून शहाणा गिऱ्हाईक पुस्तकावर न विसंबता इंजिनावरचा क्रमांक वाचतो.

आपल्याकडे ती सोयही आता संपत चालली आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच, ऑक्टोबर 2023 मध्ये, रस्त्यावरून गेली. वाद पडला तर बोनेट उघडून दाखवायला गाडी क्वचितच सापडेल. उरेल तो कागद. म्हणून वाचकहो, या दिवाळीत घरातला जुना फोटो निघाला, आजोबा मोटारीला टेकून उभे असले, तर त्याच्या पाठीवर साल लिहून ठेवा आणि गाडीचे नाव लिहा ते त्या साली बिल्ल्यावर होते तेच.