ब्रायटनचे कॅसल पानगृह

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन नगरात ‘कॅसल स्क्वेअर’ नावाचा एक चौक आहे. नावावरून तेथे किल्ला असावा असा तर्क करणारा फसेल. हे नाव ‘कॅसल टॅव्हर्न’ या पानगृहाचे होय. ते पानगृह १८२३ पर्यंत पुरते जमीनदोस्त झाले. परंतु त्याची एक खोली मात्र आजही उभी आहे, आणि तीही भलत्याच ठिकाणी.

अठराव्या शतकाच्या मध्यास ब्रायटन हे कोळ्यांचे उतरती कळा लागलेले गाव होते. डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० साली समुद्रजलाच्या औषधी गुणांवर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ते स्वतः येथेच येऊन राहिले, आणि त्यांच्यामागून श्रीमंत रोग्यांची रीघ लागली. सकाळी समुद्रस्नान उरकले म्हणजे उरलेला दिवस घालवावयाचा कसा, हा या मंडळींपुढील खरा रोग! सॅम्युएल शेरगोल्ड याने चालविलेल्या कॅसलने त्यावर उपाय दिला. १७६६ मध्ये वास्तुशिल्पी जॉन क्रंडन याने तेथे एक देखणे नृत्यगृह बांधले. लगेच पुढल्या वर्षी ‘ओल्ड शिप’ या प्रतिस्पर्धी पानगृहानेही तसेच केले. मात्र दोघांनी वार वाटून घेतले होते: सोमवार कॅसलचा, गुरुवार ओल्ड शिपचा. पानगृह म्हणजे केवळ मद्यविक्रीचे दुकान, ही आपल्याकडील समजूत येथे बाजूस ठेविली पाहिजे. नगराचे सार्वजनिक जीवन ज्या छपराखाली घडे, ते छप्पर हेच.

कॅसल बुडाले ते गिऱ्हाईक तुटल्यामुळेच असे म्हणता येत नाही. त्याला शेजार भोवला. १७८३ साली युवराज जॉर्ज प्रथम ब्रायटनास आला व पुढे त्याने कॅसललगतच आपला ‘पॅव्हिलियन’ उभारला. (पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय झाले ते हेच स्थान.) १८२० मध्ये तो चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. राजवाड्याच्या पसाऱ्यात कॅसल गिळले गेले. १८२२ मध्ये नृत्यगृहाचे राजाचे खाजगी प्रार्थनामंदिर झाले आणि उरलेली इमारत पाडण्यात आली.

व्हिक्टोरिया राणीला ब्रायटनची गर्दी मानवली नाही. १८५० साली नगराने पॅव्हिलियन ५३,००० पौंडांस विकत घेतले. पण प्रार्थनामंदिर धर्मविधीने पावन झालेले, तेव्हा ते या विक्रीत येऊ शकत नाही, असा हक्क चर्चने सांगितला. म्हणून ती वास्तू उकलून माँपेलिए प्लेस येथे नेली गेली आणि १८५१ मध्ये ‘सेंट स्टीफन्स चर्च’ म्हणून पुन्हा उभी राहिली. ज्या दालनात पत्ते आणि नृत्य चालत, ते वाचले ते पावित्र्याच्या बळावर. वास्तूंच्या इतिहासात असा विनोद विरळा.

हे चर्च १९३९ मध्ये बंद झाले. नंतर तेथे बधिरांची संस्था नांदली, आणि त्यापुढे बेघरांसाठी दिवसाचे आश्रयस्थान निघाले. सोमवारच्या मेळाव्यास दारावर पोशाख पाहून प्रवेश देणारे क्रंडनचे दालन ते हेच.