डॅनियल गूच : शर्यत जिंकली, पण रूळ हरले

तुमच्यापैकी ज्यांनी जुन्या मिरज जंक्शनवर गाडी बदलली असेल, त्यांना आजचा विषय समजावून सांगायची गरजच नाही. ब्रॉड गेज, मीटर गेज आणि बार्शी लाइनचं नॅरो गेज, असे तीन रुंदींचे रूळ तिथे एके काळी एकत्र यायचे. एका गाडीतून ट्रंका, बोचकी उतरवा आणि दुसरीत चढवा. माणूस निदान आपल्या पायांनी चालत जातो, मालाला मात्र हमाल लागतो. हीच डोकेदुखी इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात उभी राहिली, आणि तिच्यात एका इंजिनवाल्याचं अख्खं आयुष्य गुंतलं. त्याचं नाव डॅनियल गूच.

गूचचा जन्म १८१६ चा, नॉर्थम्बरलंडमधल्या बेडलिंग्टनचा. तो रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यातही काम शिकला. १८३७ च्या ऑगस्टमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं त्याला इंजिन विभागाचा प्रमुख नेमलं, तेव्हा त्याला एकविसावं वर्षही लागायचं होतं... म्हणजे, एकविसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता, असं म्हणू या.

या रेल्वेचा मुख्य अभियंता होता इसंबार्ड ब्रुनेल. बाकीच्या बहुतेक रेल्वे चार फूट साडेआठ इंच रुंदीचे रूळ टाकत होत्या. ब्रुनेलनं टाकले सात फुटांचे, त्यावर पाव इंच. गाडी स्थिर राहील, वेग वाढेल, हा त्याचा हिशोब, आणि तो चुकीचा नव्हता. पण इंजिनं मागवताना त्यानं अशा विचित्र अटी घातल्या की काही इंजिनांत तर बॉयलर एका गाड्यावर आणि यंत्र दुसऱ्या गाड्यावर! ही इंजिनं रोज बंद पडायची. गूच रात्री पॅडिंग्टनच्या शेडमध्ये एका डब्यातच झोपायचा आणि सकाळच्या गाडीसाठी इंजिन उभं करायचा. सर्वांत भरवशाचं इंजिन म्हणजे स्टीफन्सनच्या कारखान्यातलं ‘नॉर्थ स्टार’.

संचालकांनी गूचकडे अहवाल मागितला. आता बघा, वय बावीस, आणि वरिष्ठ कोण तर ब्रुनेल. गूचनं जे खरं होतं ते लिहिलं. ब्रुनेल चिडला, पण लवकरच दोघांचं जमलं आणि ते कायमचं जमलं.

मग गूचनं स्वतःचं इंजिन आखलं, ‘फायरफ्लाय’. या जातीची ६२ इंजिनं सात वेगवेगळ्या कारखान्यांत बनली. गूचनं प्रत्येक कारखान्याला नकाशे तर दिलेच, शिवाय भागांचे पातळ लोखंडी साचे पाठवले. का? एका इंजिनाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे म्हणून. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा ते नवीन होतं. स्विंडनला कारखाना काढायची जागाही त्यानंच सुचवली. १८४३ मध्ये तो सुरू झाला, आणि तिथे १८४६ मध्ये ‘ग्रेट वेस्टर्न’ हे इंजिन १३ आठवड्यांत तयार झालं.

दरम्यान ग्लॉस्टरला दोन गेज समोरासमोर आले होते. एका वाघिणीतला माल दुसरीत भरताना गोंधळ, नुकसान, उशीर. शेवटी १८४५ मध्ये सरकारनं आयोग नेमला आणि चाचण्या झाल्या. गूचचं ‘इक्सायन’ म्हणजे काही वर्षं धावलेलं फायरफ्लाय जातीचंच इंजिन. ते ८० टन घेऊन ताशी ६० मैलांपर्यंत गेलं. समोरच्या बाजूचं नवं इंजिन ५० टन घेऊन ५३ मैलांवर थांबलं, आणि त्यांचं एक इंजिन तर उलटलं.

आयोगानं ब्रॉड गेजचा वेग मान्य केला. पण निकाल विरुद्ध दिला! कारण साधं होतं. देशात अरुंद रूळ सुमारे १९०० मैल, रुंद रूळ २७४ मैल. १८४६ चा कायदा आला : नवे प्रवासी मार्ग अरुंदच. आता मला विचाराल तर आयोग चुकला नाही. गूचनं इंजिन कसं असावं ते सिद्ध केलं होतं. आयोगापुढचा प्रश्न मात्र जाळं कसं असावं, हा होता.

याचा आपल्याशी थेट धागा आहे. हा वाद चालू असताना ब्रिटनच्या व्यापार मंडळाचा प्रमुख होता लॉर्ड डलहौसी. तोच १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन इथे आला. भारतात गेज एकच असावं आणि ते रुंद असावं, असा आग्रह त्यानं धरला. ठरलं साडेपाच फूट. बोरीबंदर ते ठाणे, १८५३, त्याच रुळांवर. पुढे १८७० च्या दशकात खर्च वाचवायला मीटर गेज आणलं, आणि आपण आपली ग्लॉस्टरं तयार केली.

गूचचं पुढे काय झालं? १८६४ मध्ये त्यानं नोकरी सोडली. ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजातून अटलांटिकच्या तळाशी तार टाकण्यात तो होता. १८६६ मध्ये ते जमलं आणि त्याला सर ही पदवी मिळाली. त्याच जहाजानं १८७० मध्ये मुंबई ते एडन तार टाकली. संसदेत तो वीस वर्षं होता, पण भाषण एकही नाही.

आणि १८६५ पासून तो त्याच ग्रेट वेस्टर्नचा अध्यक्ष होता. कंपनी अडचणीत होती, तिला सावरायचं होतं. त्यामुळे १८७२ मध्ये साउथ वेल्सचा मार्ग अरुंद झाला तो त्याच्याच कारकिर्दीत. ज्या गेजसाठी तरुणपणी रात्री शेडमध्ये काढल्या, ते उखडायच्या हुकुमांची जबाबदारीही त्याचीच. १८८९ मध्ये तो गेला. शेवटचे रुंद रूळ मे १८९२ मध्ये, चार हजारांवर कामगारांनी एका शनिवार-रविवारात बदलले. ते बघायला तो नव्हता.

आपल्याकडचा सगळा मार्ग ब्रॉड गेज करायचं काम बरोबर शंभर वर्षांनी, १९९२ मध्ये, हाती घेतलं गेलं. त्याबद्दल पुढच्या व्याख्यानात. आता प्रश्न घेऊ या.