जोहार कुठं गेला?

माझं गाव नाटे, तालुका राजापूर. मी सूतगिरणीत रिंगखात्यात काम करतो आणि कविता लिहितो. कॉलेजची पायरी चढलो नाही. तरी भाषेवर बोलणार, कारण भाषा ही काय पंडितांची खोती नाही.

शाळेत एक गुरुजी म्हणायचे, 'तुमची बोली अशुद्ध. शुद्ध बोला.' हे शुद्ध कुठं मिळतं ते मी गिरणीत शोधलं. 'हजेरी' मूळ अरबी. 'पगार' पोर्तुगीज. 'कामगार' मधलं काम आपलं, 'गार' फार्सी. 'शिफ्ट' इंग्रजी. आमच्या किनाऱ्यावरचा नाखवा फार्सी 'नाखुदा'चा, आणि तो उतरतो ते बंदरही फार्सीच. व्यापार आला, राज्यं आली, कारखाने आले, त्यांच्यासंगं शब्द आले. ज्याच्याशी पोटाचा संबंध, त्याचा शब्द तोंडात बसतो. यात विटाळ कसला?

वरून ठरवून भाषा बदलते का? थोडी बदलते. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांनी राजव्यवहारकोश केला. सुमारे 1400 फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत शब्द दिले. 1674 च्या राज्याभिषेकात पेशव्याचा 'मुख्य प्रधान' झाला. पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत पेशवाच राहिला. आमच्या रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. त्यातले 'दिनांक', 'महापौर' कचेऱ्यांनी उचलले म्हणून टिकले. गिरणीत मात्र हजेरी आणि पगार जागचे हलले नाहीत.

आता आपल्या शब्दाकडं येतो. 'जोहार' म्हणजे महारानं वरच्या जातीला करायचा नमस्कार. चोखोबांच्या अभंगांत तो आहे, एकनाथांच्या भारुडांत आहे. म्हणजे सहाशे वर्षं तो आपल्या तोंडात होता. माझी आजी सांगते, तिचा आजा खोताच्या अंगणाबाहेर वाकून जोहार घालायचा. उलट जोहार कधी आला नाही. यायचा तो 'अरे', नाहीतर नावाला 'या' लावून हाक.

पण आजीच्या बापानं जोहार कधी घातला नाही. मधे काय झालं? तो मुंबईला गिरणीत गेला. तिथं विटाळ नव्हता असं नाही. धोट्याला तोंड लावून सूत ओढावं लागे, म्हणून विणाईखात्यात आपल्या माणसांना घेत नसत. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं केला. पण पगार खोताच्या हातून येत नव्हता. पोट खोताच्या अंगणातून सुटलं आणि पाठीला सरळ व्हायला वाव मिळाला. त्याला बळ चळवळीनं दिलं. 1927 ला महाडचं तळं झालं. 1937 ला बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, 1949 ला खोती रद्द करणारा कायदा झाला. 1956 ला धम्म घेतला. कामठीच्या बाबू हरदासांनी रूढ केला असं सांगतात तो 'जय भीम' वाडीवाडीत पोचला. हा नमस्कार बरोबरीचा. एकानं म्हटला की दुसराही तोच म्हणतो.

सहाशे वर्षांचा शब्द दोन पिढ्यांत गेला. कुणी कोश केला नाही, फर्मान काढलं नाही. बोलणाऱ्यांनीच तो खाली ठेवला.

मित्रांनो, काम संपलेलं नाही. गेल्या मे महिन्यात गावी गेलो व्हतो. आजी रस्त्याकडेला एस्टीची वाट बघत उभी. मोटरसायकलवरून एक वीसेक वर्षांचा पोरगा आला. 'ए म्हातारे, एस्टी गेली काय गं?' आजीनं मान वळवली नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, तरी नाही. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, 'आजी, एस्टी गेली का?'

तेव्हा आजी म्हणाली, 'नाय रे बाबा, यायची हाय.'