नहपान लेण्यातील निनाद : नोंद आणि समायोजन

नाशिकजवळील त्रिरश्मी डोंगरावरच्या, लोकांच्या तोंडी पांडवलेणी म्हणून रूढ झालेल्या, लेण्यांचा अभ्यास आजवर मुख्यत्वे शिलालेख, शिल्प व स्थापत्य या अंगांनी झाला. तेथे उच्चारलेला शब्द भिक्षूंच्या कानी कसा पडत असेल, हा प्रश्न बराच काळ इतिहासाच्या कक्षेबाहेरचा वाटे. कन्व्होल्यूशन रिव्हर्ब या साधनाने तो विचारार्ह केला आहे. दालनात फुगा फोडून अथवा चढत जाणारा स्वर सोडून त्याचा प्रतिसाद नोंदवावयाचा, आणि अन्यत्र ध्वनिमुद्रित केलेल्या पठणावर तो गणिताने चढवावयाचा, ही त्याची रीत. १९९९ साली सोनी कंपनीने हे काम तत्काळ करणारे यंत्र विक्रीस आणले. पुढे साध्या संगणकावरील प्लगइन तेच करू लागले.

प्लगइनमध्ये मात्र निनाद लांबविण्याची, आखडण्याची, मंद करण्याची सोय असते. कानास भव्य वाटेल ते खरे मानण्याचा मोह येथे होतो. आणि असा लांबविलेला निनाद लेण्याचा पुरावा राहत नाही.

लेणे क्र. १० चे दालन सुमारे ४३ फूट रुंद व ४५ फूट खोल आहे. दारातून निघालेला ध्वनी मागील भिंतीवर आदळून परत येण्यास सुमारे ८० सहस्रांश सेकंद लागतात. हे अंतर खडकाने ठरविलेले आहे. त्यास हात लावण्याचे कारण नाही. निनाद किती काळ रेंगाळतो, ही गोष्ट वेगळी. हार्वर्ड विद्यापीठातील एका सदोष व्याख्यानगृहाचा प्रश्न १८९५ साली वॉलेस सॅबाइन याजकडे आला, तेव्हा जवळच्या नाट्यगृहातील गाद्या आणून मांडीत त्याने दाखविले की, शोषक द्रव्य वाढते तसा निनादकाल घटतो. माणूस हेही शोषक द्रव्यच होय. एक श्रोता सुमारे अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका ध्वनी गिळतो.

आजची नोंद रिकाम्या दालनाची असणार. तेथे माणसे किती धरावीत? नहपानाचा जामात उषवदात याच्या, ४२ व्या वर्षाचा उल्लेख असलेल्या लेखात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण देण्याची तरतूद आहे. गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या २००० कार्षापणांचे दरमहा शेकडा एक दराने वर्षाचे व्याज २४० होते; हिशेब तंतोतंत जुळतो. म्हणजे सुमारे १० चौरस मीटर शोषणाची भर घालून निनाद आखडणे साधार ठरते. त्यातही उंच स्वर अधिक आखडावेत, कारण देह व वस्त्र तेच अधिक शोषतात.

तथापि वीस ही वृत्तींची संख्या आहे, सभेची नव्हे. सॅबाइनचे श्रोते पाश्चात्त्य पोषाखातले होते. भिक्षूंचे चीवर त्याहून कमी शोषणारे असावे. शिवाय दालनाभोवतीच्या सोळा कोठड्यांची दारे पठणाच्या वेळी उघडी असत की लावलेली, यावरही निनाद अवलंबून राहील. म्हणून प्रत्येक समायोजित ध्वनिमुद्रणासोबत मूळ, अस्पर्श नोंद आणि केलेले फेरफार आकड्यांनिशी जतन केले पाहिजेत.